स्टेशनांच्या मधली खरखर

कापसाच्या मोसमात चिखलीच्या जिनिंग फॅक्टऱ्यांच्या रस्त्यावरून नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना कापूस चिकटतो. घरी येऊन झटकावा, तर पाठीवर आणखी सापडतो. किस्स्यांचंही तसंच आहे. ते जमा करायला कोणी जात नाही. एखाद्या वेड्या माणसाच्या आसपास काही वर्षं नोकरी केली की ते आपोआप अंगाला लागतात. मग निवृत्त झाल्यावर कोणी चहाला येतं, एक सांगावा तर त्याच्यामागून दुसरा निघतो, आणि चहा थंड होतो.

मी चिखलीच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. कॉलेज नवं होतं, महाराष्ट्र राज्यही तसं नवंच. गणित आणि फिजिक्सला मिळून एकच खोली होती. त्या खोलीत माझ्या समोरच्या टेबलावर प्रल्हाद इंगळे बसायचे. साखरखेर्ड्याचे. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाणारे, आणि हे घरातले पहिले मॅट्रिक, पहिले ग्रॅज्युएट, पहिले एम.एस्सी. नागपूरला शिकताना ग्रंथालयातल्या एका परदेशी मासिकात त्यांनी एक लेख वाचला, आणि तेव्हापासून हा माणूस कामातून गेला.

आमची मंडळी म्हणजे इंगळे सर, मी, एस.टी. स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले रहीमभाई, आणि अधूनमधून, नाही नाही म्हणत, प्राचार्य दामले.

*

पहिला किस्सा मी पाहिलेला नाही, दामले सरांनी सांगितलेला आहे.

इंगळे सरांच्या मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष स्वतः बसले होते. कापसाचे मोठे व्यापारी. माणूस भला, पण विज्ञान म्हणजे त्यांच्या लेखी पंखा आणि ट्यूबलाइट. त्यांनी विचारलं, पुढे कशाचा अभ्यास करायचा विचार आहे? इंगळे म्हणाले, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा.

अध्यक्षांचा चेहरा खुलला. त्यांच्या घरी नुकताच मोठा रेडिओ आला होता.

"कोणतं स्टेशन?"

इंगळ्यांनी जरा विचार केला. "स्टेशन नाही, शेठजी. दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर येते ना, ती."

दामले सरांना वाटलं, गेली नोकरी. पण अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या नव्या रेडिओत तीच खरखर येत होती आणि चिखलीत कोणालाच ती काढता येत नव्हती. ते म्हणाले, "मग आमच्या घरी या एकदा. लय येते."

इंगळे सर रुजू झाले आणि पहिल्याच रविवारी अध्यक्षांच्या गच्चीवर चढले. एरियलची तार नीट ताणून बांधली. खरखर थांबली. अख्ख्या जिल्ह्यात ज्या एका माणसाला ती ऐकायची होती, त्याची नोकरी ती घालवून दिल्यामुळे पक्की झाली.

*

ही खरखर म्हणजे नेमकं काय, ते मला धाडच्या रस्त्यावर समजलं.

आम्ही दोघं कॉलेजच्या कामाला धाडला चाललो होतो. बाजाराचा दिवस. एस.टी. गच्च भरलेली, आणि गाव दिसायला लागलं तोच बंद पडली. लोक टोपल्या-पिशव्या घेऊन उतरले आणि पायी निघाले. मीही निघाले. इंगळे सर मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"बाई, काही ऐकू येतं?"

गावाकडून गलका येत होता. लांबून येतो तसा, शब्द न कळणारा.

"कोणाचा आवाज आहे?"

मी म्हटलं, "कोणाचा म्हणजे? बाजाराचा."

"बाजार नावाचा माणूस पाहिला का कधी?"

मग त्यांनी तिथेच, त्या बंद गाडीच्या सावलीत, मला सगळं सांगितलं. आपली आकाशगंगा ही ताऱ्यांची एक वस्ती. तिला दीर्घिका म्हणतात. अशा शेकडो, हजारो दीर्घिका कुठेकुठे एकत्र जमलेल्या आहेत, बाजारासारख्या. अरुंधती केश नावाच्या तारकासमूहात असा एक मोठा जमाव आहे. परदेशातल्या लोकांनी तिकडे रेडिओ दुर्बीण लावली. काही दीर्घिका रेडिओ लहरी टाकत होत्या, त्याचं नवल नव्हतं. पण त्या सगळ्या वजा केल्या तरी लहरी उरत होत्या. कोणा एका दीर्घिकेच्या नव्हेत. मधल्या मोकळ्या जागेतून येणाऱ्या, धुक्यासारख्या पसरलेल्या.

मी विचारलं, मोकळ्या जागेत आहे कोण लहरी टाकायला?

"इलेक्ट्रॉन. पण लहरी टाकता टाकता ते थकतात बाई. एखाद्या दीर्घिकेतून निघून इतक्या लांबवर पसरेपर्यंत त्यांचा दम संपायला पाहिजे. अन् ते तर तिथं मजेत आहेत. त्यांना वाटेत चहापाणी कोण करतं, ते कोणालेच माहीत नाही."

शुद्ध बोलता बोलता त्यांची वऱ्हाडी वर आली, म्हणजे गोष्ट मनातली होती. मीही ऐकता ऐकता टोपलीवाल्या म्हातारीला वाट द्यायची विसरले. ती थांबून आमच्याकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "ऐकून पोट भरत असन तं बसा इथंच. तिकडं बाजार उठून राह्यला."

*

चिखलीत जिनिंगच्या मशिनी. त्यांच्या ठिणग्यांचा त्रास रेडिओला होतो. म्हणून अँटेना उभारायला शांत जागा हवी होती. धाडजवळ माझ्या मामाचं, गुलाबमामाचं, शेत होतं. विहिरीकडच्या बाजूला थोडी पडीक जागा होती. मामाने ती दिली. कशासाठी ते त्याला समजलं नव्हतं, पण भाचीच्या कॉलेजातले सर म्हटल्यावर त्याने विचारलंही नाही.

बांबू रोवले, त्यांच्यावर तांब्याच्या तारा ताणल्या. रहीमभाईंनी भंगारातून एक जुना रिसीव्हर आणला होता, तो महिनाभर खपून चालू केला आणि एका मोठ्या बॅटरीला जोडला. या अँटेनाला अरुंधती केशातला तो बाजार ऐकू येणं शक्यच नाही, हे इंगळे सर पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यासाठी डोंगराएवढी दुर्बीण लागते. आपण सूर्य ऐकू, आकाशगंगा ऐकू, हात बसवू. एवढंच त्यांचं म्हणणं.

बांबू बघून पहिल्या दिवशी शेजारच्या शेतातल्या बाया आल्या आणि लग्न कोणाचं आहे म्हणून विचारू लागल्या. ते हसण्यावारी गेलं. पण ते लढाईचे दिवस होते. तारा आणि रेडिओ म्हटल्यावर कोणीतरी जाऊन सांगितलं, आणि एक दिवस हवालदार सायकलवरून आले.

त्यांचा सगळा रोख रहीमभाईंवर होता. नाव विचारलं आणि मग प्रश्न त्यांनाच. रिसीव्हर कुठून आणला, नातेवाईक कुठे कुठे असतात. रहीमभाई चिखलीतच जन्मलेले, त्यांचं सगळं गणगोत चिखली आणि बुलढाण्यात. एरवी दुकानात गिऱ्हाइकाची फिरकी घेणारा माणूस, पण त्या दिवशी मान खाली घालून जी साहेब, नाही साहेब एवढंच. हातातला पान्हा ते नुसता पुसत राहिले.

इंगळे सर मधे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "रिसीव्हर माझा आहे, अँटेना माझी आहे. विचारायचं ते मला विचारा."

"संदेश कोणाला पाठवता?"

"पाठवत नाही. नुसतं ऐकतो."

"मग पाठवतं कोण?"

इंगळे सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी हवालदारांना समोर बसवलं आणि धाडच्या बाजारापासून सुरुवात केली. हवालदार सगळं ऐकत होते, लिहीतही होते. शेवटी त्यांनी विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण ज्याने हे पाठवलं तो इसम आता कुठे मिळेल?

"तिथून निघाल्याला कोट्यवधी वर्षं झाली साहेब. आता तिथं कोण आहे, काही सांगता येत नाही."

हवालदारांनी मान डोलावली, सही करायला कागद पुढे केला आणि सायकलवर बसून गेले. कागदावर शेवटची ओळ अशी होती: संदेश पाठविणारा इसम फरार.

रहीमभाई ती ओळ ऐकून हसले, पण उशिरा हसले. त्या दिवसापासून शेतात जाताना इंगळे सर त्यांना एकटं कधी पुढे पाठवत नसत.

*

दिवाळीनंतर अरुंधती केश सकाळच्या वेळी जवळजवळ डोक्यावरून जातो. दिसत नाही, सूर्य असतो. पण रेडिओला दिवस काय नि रात्र काय. इंगळे सर पहिल्या गाडीने धाडला जात आणि अँटेनाखाली बसत. ऐकू येणार नाही हे माहीत असून का बसता, असं मी विचारलं. म्हणाले, "ओळख असावी."

आणि काय सांगू, रिसीव्हरच्या मीटरचा काटा चढायला लागला! रोज सकाळी, साधारण त्याच वेळेला. रहीमभाईंनी पेढे आणले. मीही हुरळले. इंगळे सरांना तेवढं पटत नव्हतं. इतका मोठा आवाज येणं शक्य नाही, असं ते म्हणत राहिले. म्हणत होते, तरी पेढा त्यांनीही खाल्ला.

एक दिवस गुलाबमामा गावाला गेला. काटा जागचा हलला नाही. मामा परत आला, काटा चढला. मग उलगडा झाला. मामाच्या विहिरीवर नवीन मोटर बसली होती आणि तो रोज सकाळी वांग्यांना पाणी सोडत होता.

इंगळे सरांचा चेहरा पाहून मामालाच वाईट वाटलं. तो म्हणाला, उद्यापासून सकाळी मोटर बंद. आम्ही नको म्हणालो, त्याने ऐकलं नाही. पुढे बरेच दिवस काटा शांत होता, आम्ही खूश होतो, आणि वांगी माना टाकत होती. त्याचा आम्हाला पत्ता नव्हता.

मग एका सकाळी अनसूयामामी स्वतः शेतात आली. पदर खोचलेला. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. सरळ इंगळे सरांसमोर उभी राहिली.

"वांग्याले पानी पाह्यजे का अरुंधतीले, ते एकदा ठरवा."

इंगळे सर उठले, चालत विहिरीवर गेले आणि त्यांनी स्वतः मोटर चालू केली. परत येऊन म्हणाले, चूक झाली मामी, पहिलं पाणी, मग बाकी सगळं.

मामीला भांडायला आता काही उरलं नाही. ती जायला वळली तेव्हा तिची नजर बांबूखाली ठेवलेल्या त्यांच्या डब्याकडे गेली. सकाळची भाकर, वर मिरचीचा ठेचा. इतके महिने हा माणूस येत होता. मी घरात जेवायची, रहीमभाईंना ओसरीवर चहा मिळायचा, आणि इंगळे सर कामाचं निमित्त सांगून शेतातच थांबायचे. का, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मामीने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "घरी ताट वाढते. ताऱ्यायले सांगा, जेवून येतो म्हना."

ते आले. मामीने सगळ्यांना स्वयंपाकघरात एका ओळीत बसवलं. वाढताना तिची नजर सारखी उघड्या दाराकडे जात होती, हे मी पाहिलं. पहिल्या दिवशी. नंतर नाही.

*

इंगळे सरांच्या वडिलांना पोराची नोकरी कळली होती, वेड कळत नव्हतं. एकदा ते मुद्दाम बघायला धाडला आले. स्वच्छ धोतर, टोपी. इंगळे सरांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावून दिला. त्या वेळी आकाशगंगा वरून जात होती, खरखर चांगली येत होती.

बाबांनी पुष्कळ वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काही बोलतच नाही हो हे."

इंगळे सरांनी समजावलं, बोलत नाही बाबा, हाच आवाज आहे. बाबांनी पुन्हा ऐकलं. मान हलवली. रेडिओ आहे आणि पोरगा त्याचा साहेब आहे, एवढं त्यांनी मनात पक्कं केलं आणि गावी परतले.

पुढच्या खेपेला इंगळे सर साखरखेर्ड्याहून आले ते खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. गावभर झालं होतं की इंगळ्याचा प्रल्हाद रेडिओत आहे, आणि लोकांनी गाण्यांच्या फर्माइशी दिल्या होत्या. नुसत्या वस्तीतल्या नव्हेत, सगळ्या गावातल्या. ज्या घरांच्या अंगणापलीकडे बाबा कधी गेले नव्हते, त्या घरांतल्या लोकांनी त्यांना हाक मारून, बसवून, चिठ्ठ्या दिल्या होत्या.

"मी बाबाले सांगाले गेलो का मी त्या रेडिओत नाही," इंगळे सर म्हणाले, "पण त्यांनी चिठ्ठ्या कशा धरून आणल्या होत्या, ते पाहून माझ्याच्यानं बोलणं झालं नाही."

रहीमभाईंनी गठ्ठा हातातून घेतला. दुकानात बसून सगळ्या चिठ्ठ्यांची नीट पोस्टकार्डं लिहिली आणि रेडिओ स्टेशनला धाडली. महिनाभराने एका दुपारी साखरखेर्ड्याच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. निवेदिकेने गावाचं नाव घेतलं आणि पाठोपाठ त्याच गावातली नावं. गाणं कोणाला ऐकू गेलंच नाही, एवढा गलका झाला.

तेव्हापासून बाबांना साखरखेर्ड्यात लोक रेडिओवाले बाबा म्हणायला लागले. इंगळे सरांनी पुढे कितीतरी वेळा खरं सांगून पाहिलं. लोक हसून म्हणत, हाव ना सर, मोठे लोक असंच म्हनतात.

*

दक्षिणेत डोंगरउतारावर खरीखुरी मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली होती, आणि तिच्यावर काम करायला तरुण माणसं हवी होती. इंगळे सरांनी अर्ज केला. पहिल्या वर्षी नकार आला. इंग्रजी बोलताना ते अडखळायचे. परतल्यावर आठवडाभर ते अँटेनाकडे गेलेच नाहीत. रहीमभाई रोज कॉलेजच्या फाटकापर्यंत येऊन, विचारपूस करून परत जात.

दुसऱ्या वर्षी दामले सरांनी त्यांना ढकलूनच पाठवलं. ते रोज कॉलेज सुटल्यावर त्यांना समोर बसवून इंग्रजीचा सराव करून घ्यायचे. पुण्यात वाढलेल्या दामल्यांना आमची वऱ्हाडी कानाला टोचायची, आणि इंगळ्यांना दामल्यांचं इंग्रजी. दोघंही घाम पुसत बाहेर यायचे.

मुलाखतीत प्रश्न तोच आला. दीर्घिकांच्या मधल्या जागेत ते इलेक्ट्रॉन दमदार राहतात कसे? आधीचे उमेदवार बाहेर येऊन सांगत होते की आपण काय काय सिद्धांत मांडले. इंगळे सर आत गेले, प्रश्न ऐकला, आणि सगळा सराव विसरले. तोंडून सरळ निघालं:

"मले नाही माहीत सर. माहीत असतं तं इतक्या लांब कायले आलो असतो?"

मुख्य साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या मराठी साहेबांकडे पाहिलं. ते गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, "उमेदवाराच्या मते हा प्रश्न अजून पूर्णपणे खुला आहे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष निरीक्षणं करण्याची त्यांची तयारी आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंगळे सरांची निवड झाली.

इथे नवीनच अडचण. कॉलेजचं वर्ष अर्ध्यावर होतं, आणि फिजिक्सला दुसरं कोणी नव्हतं. इंगळे सर म्हणाले, शेवटच्या वर्षाची पोरं सोडून मी जाणार नाही. तसं त्यांनी लिहून द्यायलाही घेतलं. दामले सरांनी पेन काढून घेतलं. म्हणाले, अर्धं या बाई शिकवतील, अर्धं मी शिकवतो.

दामल्यांनी फिजिक्स सोडून जमाना झाला होता. पहिले काही तास भयंकर गेले. ते अतिशय शुद्ध भाषेत शिकवत आणि पोरं अतिशय आदराने गप्प बसत. कोणाला काही समजत नव्हतं. एके दिवशी मी व्हरांड्यातून जात होते तर आतून आवाज आला आणि मी थबकले.

"काऊन बे, समजलं का? नाही समजलं तं तसं सांग ना!"

वर्गात हशा पिकला, आणि पहिल्यांदा एका पोराने शंका विचारली. दामले सरांनी बाहेर मला पाहिलं. कानाची पाळी लाल झाली. चष्मा सावरत ते म्हणाले, "बाई, हे पुण्यात कुठं बोलू नका."

त्या वर्षी शेवटच्या वर्षाची सगळी पोरं पास झाली.

*

काही वर्षांनी इंगळे सर सुट्टीवर आले ते एक गुंडाळलेला मोठा कागद घेऊन. चिखलीत एस.टी.तून उतरले आणि आधी आमच्याकडे आले. मला म्हणाले, बाई, चला साखरखेर्ड्याला. आईबाबांना दाखवायचंय, आणि मला एकट्याला सांगायला जमणार नाही.

घर तेच, दोन खोल्यांचं. बाबा कामावरून यायचे होते. त्यांची आई चुलीपाशी होती. हात धुऊन, पुसून ती बाहेर आली आणि आमच्यासमोर बसली. कमी बोलणारी बाई. या घराला स्वतःची शेतजमीन कधीच नव्हती. गावाच्या गायरानातला एक तुकडा नावावर व्हावा म्हणून दोघं नवराबायको वर्षानुवर्षं तहसीलच्या खेपा घालत होते. साहेबांच्या टेबलावर पसरलेले जमिनीचे नकाशे तिने इतक्या वेळा उभ्याने पाहिले होते की लिहितावाचता न येणाऱ्या तिला नकाशा मात्र ओळखू यायचा.

इंगळे सरांनी कागद जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पितळी वाट्या ठेवल्या. कागदावर एकात एक वळत गेलेल्या रेघा होत्या. बाहेर मोठं वेडंवाकडं कडं, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान. अरुंधती केशातल्या दीर्घिकांच्या मधून येणाऱ्या त्या पसरट लहरींचा नकाशा. मोठ्या दुर्बिणीवर स्वतः काम करून त्यांनी तो काढला होता. आता समजावून कसं सांगावं याची जुळवाजुळव करत ते आईकडे बघत होते.

आई वाकली. बाहेरच्या रेघेवरून तिने सावकाश बोट फिरवलं, पार जिथून सुरू केलं तिथे परत येईपर्यंत.

"केवढी हाये?" तिने विचारलं.

"लय मोठी, माय. मोजता येत नाही एवढी."

"कोनाच्या नावावर हाये?"

इंगळे सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोणाच्याच नाही," ते म्हणाले.

"मंग आपल्या नावावर करून घे ना. दुसरा कोनी जाईन तं तो करून घेईन."

इंगळे सर कागदावर वाकले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि कोपऱ्यावरची वाटी बाजूला सरकवली.

"तुह्या नावावर करू का बाबाच्या?"

आईने थोडा विचार केला.

"दोघायच्या कर," ती म्हणाली. "सामाईक."